पौर्णिमेची शिळी खीर

मितू, ये अशी जवळ बस. तू तिकडं बर्फाच्या देशात आणि मी इथं वाटूरपासून दोन कोसांवर आपल्या गावात, हे मला ठाऊक आहे. तरी ये. फोनवर बोलायचं म्हणजे आवाज तुटतो, तू "हॅलो आजी, हॅलो आजी" करत बसतेस आणि निम्मं बोलणं समुद्रात पडतं. म्हणून कागदावर लिहून पाठवतेय. नीट मांडी घालून वाच, आणि आधी कान पुढं कर, कारण पहिल्यांदा तो पिळायचा आहे.

काल काय म्हणालीस? शेजारची बाई खिडकीच्या पडद्याआडून टक लावून बघते. मला हसू आलं. मग म्हणालीस, परवाच्या पौर्णिमेला दिवस मावळताना ती ताटभर काहीतरी भाजून घेऊन आली होती. तुम्ही दोघांनी आठ शिलं घेतलेली, दुपारनंतर तोंडात अन्न घालायचं नाही. म्हणून तू गोड हसलीस, हात जोडलेस आणि ताट परत पाठवलंस. तेव्हापासून ती बोलत नाही, नुसती बघते. इथं माझं हसू जिरलं. अगं, असं ताट परत करतात का? एवढी शिकलीस, नवऱ्याचा हात धरून धम्माच्या कामाला सात समुद्रापार गेलीस, आणि एवढं कुणी सांगितलं नाही तुला? तूच मागं सांगत होतीस की त्या हंगेरीतल्या ज्या लोकांमध्ये तुम्ही दोघं विहार चालवता, त्यांनाही तिथं पिढ्यानपिढ्या गावाबाहेर ठेवलंय, त्यांची पोरं शाळेत वेगळी बसवतात. मग अशा बाईनं जीव करून आणलेलं ताट हसून परत करायचं म्हणजे काय, ते तुला कळायला हवं होतं. तुला नाही कळलं, यात नवल नाही. तू ताटाच्या आतल्या बाजूला वाढलीस. मी बाहेरच्या बाजूला वाढले, म्हणून सांगते.

इथं वर्षावास लागलाय. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत रोज सांजेला विहारात वाचन. आता विहाराला फरशी आहे, पंखे आहेत, लाऊडस्पीकर आहे. वाचायला मलाच बसवतात, कारण माझा आवाज लांबवर जातो. शाळेची पायरी न चढलेली बाई वाचते म्हणून नव्या सुना आधी माझ्याकडं बघतात, मग पुस्तकाकडं. बाहेर शेतात जिकडंतिकडं सोयाबीन. तेव्हा तिथं मूग असायचा, ज्वारी असायची. पण काळी माती तीच. चपलेला चिकटते, पाय जड करते आणि घराच्या दारापर्यंत सोबत येते. तो वास आला की मला सिलोनची दोघं आठवतात. आणि अजूनही, मितू, पहिल्यांदा संशयच आठवतो, माया मागाहून.

सालाचा आकडा मला विचारू नकोस. मोठा दुष्काळ सरला, त्याच्या पुढच्या वर्षी मूग बरा आला, ते साल. माझं लग्न होऊन थोडेच दिवस झाले होते. तुझे आजोबा जुन्या जालन्यात भुसार दुकानात मापाडी, आठवड्याला घरी यायचे. घरात मी, एक शेळी आणि माझे सासरे, आबा. आबा म्हणजे तुझे खापरपणजोबा असं तू म्हणशील, नाही, पणजोबाच. एवढंही नातं तुम्हाला आजकाल मोजून सांगावं लागतं.

आबांचं पाण्याचं सांगितल्याशिवाय पुढं जाता येणार नाही. निजामाच्या राज्यात ते पोरगे होते तेव्हा तहान लागली की कुणाच्या तरी ओट्याखाली उभं राहायचं, ओंजळ करायची, आणि वरनं कुणी ओतेल ते प्यायचं. ओतणारा बोलण्यात रमला की धार सरकायची आणि पाणी बाहीत जायचं. आबा सांगायचे, "माझी उजवी बाही कायम वली ऱ्हायची." दीक्षा घेतली त्या दिवसापासून हा माणूस ओंजळीनं पाणी प्यायला नाही. नदीवर गेले तरी कमरेला बांधलेला गडू काढायचे. वस्तीतला आड त्यांनी चौघांना घेऊन स्वतः खणला. त्या आडाच्या पाण्यावर कुणी नाक मुरडलेलं त्यांना सहन झालं नसतं. इतर कुणाचं चाललं असतं, सवय होती. आपल्या धम्माच्या माणसाचं चाललं नसतं.

आणि अशी धम्माची माणसं गावात आणली होती ती आबांनीच. जालन्याला कुठल्याशा सभेत त्यांनी एका भंतेजींच्या पायाशी बसून हट्ट धरला की आमच्या गावाला वर्षावासाला कुणीतरी द्या. भंतेजी काही मिळाले नाहीत. मिळालं ते एक जोडपं, गृहस्थ, सिलोनहून धम्माच्या सेवेला आलेलं. सिलोन आम्हाला फक्त रेडिओतून ठाऊक. तिथं माणसं राहतात हेच आधी नवल. आबा गावभर सांगत सुटले, "समुद्रापल्याडनं आपली माणसं येऊन राह्यली."

आली ती आषाढ पौर्णिमेलाच, दिवस मावळताना, वाटूरच्या एसटी थांब्यापासून बैलगाडीत. एक पत्र्याची पेटी, दोन गुंडाळलेल्या चटया, एक काळी छत्री. त्याचं नाव नंदसेन. गावानं दुसऱ्या दिवशीच त्याचा मास्तर केला. तिचं नाव सोमावती, तिची सोमाबाई झाली. तिचं लुगडं पांढरं, आणि कमरेला त्याच कापडाची झालर. कानात काही नाही, हातात काही नाही, केसात फूल नाही. नवरा शेजारी धडधाकट उभा आणि बाई अशी मोकळी. माझ्या मनात पहिली पाल तिथंच चुकचुकली.

मी तांब्याभर पाणी दिलं. तिनं दोन्ही हातांनी घेतलं, मान लववली आणि न पिता बाजूला ठेवलं. मी खीर दिली. मितू, त्या खिरीसाठी मी दोन दिवस शेळीचं दूध आबांच्या चहातनं चोरलं होतं. तांदूळ रेशनचे, गूळ हातउसना. दिवसभर मुगाची खुरपणी करून आले आणि चूल पेटवली. आपल्या वस्तीत काही गोडधोड व्हायचं ते दिवेलागणीलाच. दुपारी चुलीपाशी असायला कुणाची बाई घरी होती? सुजातानं दिलेली खीर भगवंतांनी खाल्ली, म्हणून आपण पौर्णिमेला खीर करतो, एवढं मला पाठ होतं. सोमाबाईनं वाटी घेतली, कपाळाला लावली आणि परत माझ्याच हातात दिली. म्हणाली, "सुबह. कल सुबह."

तुला वाटेल, यात काय एवढं. सकाळी म्हणाली, तर सकाळी द्यायची. पण ते "सकाळी" मी लहानपणी फार ऐकलेलं होतं. माझी आई भाकर मागायला मोठ्यांच्या दारी जायची, मी तिच्या पदराला धरून. आतनं आवाज यायचा, "सकाळी ये." सकाळी गेलं की, "सांजच्याला ये." ते सांगणं म्हणजे "जा" असं सांगणं असतं, फक्त जरा नरम. माझे कान त्या शब्दावर तयार झालेले. मी वाटी पदराखाली घेतली आणि घरी आले.

आबा तोवर पेटी उतरवून आले. "खाल्ली का गं पाव्हण्यांनी खीर?"

"खाल्ली, आबा. वाटी पुसून खाल्ली."

"पानी पेले?"

"पेले की."

म्हाताऱ्याच्या तोंडावर जे आलं ते मी पाहिलं आणि ठरवलं, हे काय आहे ते मला एकटीलाच ठाऊक राहील. ती खीर शेळीपुढं ठेवली.

त्यानंतर मी पाळत ठेवायला लागले. आता तू म्हणशील, आजी, लोकांच्या घरात डोकावतात का. डोकावतात. त्यांना दिलेली खोली आमच्या भिंतीला भिंत लावून होती, मधल्या खिडकीची एक फळी निखळलेली. केर टाकायला गेलं तरी दिसायचं, शेळी बांधायला गेलं तरी दिसायचं, आणि मी शेळी दिवसातनं पुष्कळदा बांधायची.

काय काय दिसलं, सांगते. सकाळी झाडलोट तो करायचा. पाट्यावर मिरची तो वाटायचा आणि डोळ्यांतनं पाणी गाळत बसायचा. ती उंबऱ्यावर पुस्तक घेऊन मोठ्यानं वाचायची, तो वाटता वाटता मान डोलवायचा. पावसात दोघं निघाली की छत्री तिच्यावर, ह्याचा खांदा भिजलेला. आपल्या गड्यांना असं वागताना मी कधी बघितलं नव्हतं, त्यामुळं मला ते सगळं सोंग वाटायचं. त्यातून काही दिवस असे की, दोघांच्या चटया शेजारी, तिच्या केसात त्यानं खोचलेला तेरडा, हळू आवाजात हसणं. आणि मधेच एखादा दिवस असा यायचा की चटया दोन भिंतींना दोन, दोघं पांढऱ्यात, कानातलं काढलेलं, बोलणं नाही. मग दुसऱ्या दिवशी दोरीवर पांढरी कापडं वाळत. आज गोडी, उद्या अबोला. कसलं हे नवरा-बायको?

आणि पाणी. मी भरून दिलेलं पाणी ती एका घडी घातलेल्या पांढऱ्या फडक्यातनं गाळायची, फडकं उलटं करून हळूच आडाच्या कडेला झटकायची, मग पाणी चुलीवर उकळायची. आपल्या आबांच्या आडाचं पाणी. चूल लावून शुद्ध करून घ्यायची.

आडावर गयाबाई भेटायची. आमच्या समोरच्या घरची. जिभेला हाड नव्हतं, पण मनानं वाईट नव्हती. ती म्हणाली, "मला तर नसबंदीवाले वाटून राह्यले. पोरबाळ न्हाई, घरोघर हिंडतेत, पांढरे कपडे. बघ तू, एक दिस गाडी येईन."

मी म्हणाले, "मास्तराकडं सुई-बिई काही दिसली न्हाई."

"म्हंजी तू बघितलं तर खरं."

"शेळी बांधताना दिसतं."

"शेळीला लई बांधतीस बाई तू." मग आवाज खाली आणून, "पानी गाळती ते बघितलं का? पानी न्हाई गं गाळत ती. आपल्याला गाळून राह्यली."

आता ही गया मेल्यालाही किती वर्षं झाली. पण अजून मी चहा गाळायला घेतला की ते वाक्य कानात येतं.

तरी एक वेळ पाण्याचं मी गिळलं असतं. परदेशी माणूस, पोट नाजूक. पण श्रावणात बापूरावांनी दोघांना जेवायला बोलावलं. बापूराव म्हणजे वरच्या आळीचे मोठे शेतकरी, चार बैलजोड्या. त्यांना सिलोनची माणसं जवळून बघायची होती. दिवे लागल्यावर दोघं तिकडं गेली आणि पुरणपोळी पोटभर जेवून आली. बापूरावांच्या घरी भांडी घासणारी गयाबाईच, तिनं उष्टी ताटं मोजून आल्यासारखं सांगितलं, "मास्तरानं तीन पोळ्या हाणल्या. बाईनं दोन. वरनं दूध."

सांजेला जेवली, मितू. ज्यांना आमची खीर सांजेला चालली नव्हती, त्यांना तिकडची पोळी सांजेला चालली. यापुढं पुरावा कशाला हवा होता?

मी आबांना काही बोलले नाही. ते रोज सांजेला विहारात पहिल्या रांगेत बसायचे, मास्तर मोडक्या हिंदीत सांगायचा, निम्मं कळायचं, निम्मं आबा स्वतःच्या पदरचं घालून आम्हाला घरी समजावायचे. मास्तर पंचशील म्हणायला लागला की त्याचा आवाज फार गोड लागायचा. मी मागं बायकांत बसून तो गोड आवाज ऐकायची आणि मनात म्हणायची, गोड बोलणाराच जास्त गाळून पितो.

श्रावण पौर्णिमेला आबा म्हणाले, "पाव्हण्यांना खीर दे." दिली. "सुबह." शेळीनं खाल्ली. भादव्याच्या पौर्णिमेला मीच होऊन केली, आबांनी सांगायच्या आधी. यावेळी मला परीक्षा घ्यायची होती. सोमाबाईनं वाटी कपाळाला लावली, डोळे मिटले, वास घेतला. तिचं तोंड पाण्यानं भरलेलं मला दिसलं. मनात आलं, खायची इच्छा आहे, पण माझ्या हातचं म्हणून नको. "कल सुबह," ती म्हणाली आणि या खेपेला वाटी सोडेचना. मी ओढून घेतली. शेळी माझी वाटच बघत होती.

इथं थोडं थांबते. बाहेर भुरभुर लागलीय आणि मला वाळत घातलेलं काढायचंय.

आले. काय म्हणत होते, संशय. लोक म्हणतात संशय वाईट. ज्यांना म्हणायचंय ते म्हणोत. आपल्या माणसांना दिलेल्या शब्दावर विसंबून फार काही मिळालं नव्हतं. जे जगले वाचले ते आधी वास घेऊन, मग हात लावणारे. माझ्या आईनं मला हेच शिकवलं: कुणी हसून काही नाकारलं तर हसण्याकडं बघू नकोस, हाताकडं बघ. मी हाताकडं बघत होते. मला त्याची लाज नाही. फक्त एवढंच की, हाताकडं बघताना मी आभाळाकडं बघितलं नाही. कधी नाकारतात ते पाहिलं नाही, कोण नाकारतं तेवढंच पाहिलं.

आश्विन आला. बाजरी निघाली, कापसाची बोंडं उकलायला लागली. वर्षावास संपत आला, दोघं दुसऱ्या गावी जाणार होती. पौर्णिमेच्या दिवशी मी बाजरीच्या खळ्यावरनं आले तर चूल पेटलेली. आबा स्वतः चुलीपुढं बसून दूध ढवळत होते.

"उठा आबा, मी करते."

"झाली बी. आज मीच नेतो."

"तुम्ही कशाला? मी नेते की."

"तू लई येळा नेली." एवढं बोलून त्यांनी वाटी उचलली आणि खांद्यावरचं उपरणं सारखं करून निघाले. मी मागनं. माझ्या डोक्यात एकच: म्हाताऱ्याला आता हे डोळ्यांनी बघायचं आहे, आणि ज्या विहारासाठी यानं माती वाहिली त्याच्याच पाव्हण्यांच्या दारात पुन्हा त्याची बाही ओली होणार आहे.

दोघं खोलीच्या ओट्यावर बसली होती, पांढऱ्यात. आबांनी वाटी पुढं केली. "मास्तर, खीर आणली. माझ्यासमोर खा."

मास्तर उठून उभा राहिला. वाटी दोन्ही हातांनी घेतली, कपाळाला लावली. "आबाजी, आज नहीं. कल सुबह."

आबा हलले नाहीत. "आमचं पानी तुमी गाळून पेता, ते मला ठाऊक हाय. कधी इचारलं न्हाई. आज इचारतो. आमच्या हातचं तुमाला चालत न्हाई का?"

मास्तरला सगळं कळलं नसेल. पण "हातचं" कळलं असावं, कारण तो एकदम आबांच्या पायाशी जमिनीवर बसला. सोमाबाईनं पदर तोंडाला लावला. समोरच्या ओट्यावर गयाबाई मान लांब करून उभी. मी शेळीचं दावं हातात धरून उभी. ते कधी हातात आलं ते आजही आठवत नाही.

आणि तेवढ्यात बापूरावांचा गडी आला, हातात झाकलेली चरवी. "मालकानं कोजागरीचं दूध दिलंय. जायफळ घालून. गरम हाय तवर घ्या म्हणले."

आता घेतील, म्हटलं. आता आबांच्या डोळ्यांपुढं घेतील.

मास्तरनं चरवी दोन्ही हातांनी घेतली, कपाळाला लावली. "आज नहीं. कल सुबह." तेच शब्द, तीच लवलेली मान.

गडी गोंधळला. "मंग मालकाला काय सांगू?"

सगळ्यात आधी कळलं ते आबांना. "ठिव हितं," ते म्हणाले. "सकाळी पितेत म्हणून सांग." मग मास्तरकडं वळून, "रोज तर जेवता सांजच्याला. आज का न्हाई?"

मास्तरनं बोट वर केलं. विहाराच्या मागं चंद्र नुकता वर येत होता, थाळीएवढा. "रोज पाँच शील. चाँद पूरा, तो आठ."

"पाच तर आमचे बी हायेत. वरचे तीन कोनते?"

मग तो माणूस बोलायचं सोडून करून दाखवायला लागला. डोक्यावर हात नेऊन सूर्य उभा केला, तो खाली आणला, तोंडाकडं घास नेला आणि मान हलवली: नाही. बायकोच्या मोकळ्या कानाला बोट लावलं: नाही. आतली बाज दाखवली: नाही. आणि जमिनीवरच्या दोन चटया, एक या भिंतीला, एक त्या भिंतीला.

समोरनं गयाबाईचा आवाज आला, "आत्ता गं बया. म्हंजी भांडत नव्हते का?"

आबा हसले. पोट धरून हसले. आम्हाला तोवर पाचच शिलं ठाऊक होती, मितू; पौर्णिमेला आणखी तीन असतात हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं, आणि आपण उपास पाळतो हे मिरवायचं नसतं म्हणून ती दोघं गप्प होती. आम्ही महिन्यातला सगळ्यात चांगला दिवस बघून त्यांना खाऊ घालायला जात होतो, आणि नेमका तोच दिवस त्यांचा न खाण्याचा.

"मंग मी हितंच बसतो," आबा म्हणाले. "सकाळ काय लांब हाय."

ते ओट्यावरच झोपले. मी उजाडताना पाणी घेऊन गेले तर सगळी उठून बसलेली. वाटीवरचं झाकण काढलं तर खीर आंबलेली. चरवी उघडली तर दूध फाटलेलं. आबांनी दोन्हीचा वास घेतला आणि म्हणाले, "बघ. नासताना दुधानं जात न्हाई इचारली."

मी खीर टाकून द्यायला उचलली. सोमाबाईनं वाटीवर तळवा ठेवला, माझ्या हातातनं घेतली, आणि खाल्ली. मग मास्तरला दिली. मी दोघांच्या तोंडाकडं बघत होते. पहिल्या घासाला मास्तरचं तोंड असं वाकडं झालं की मला फार बरं वाटलं. म्हटलं, हा माणूस खरा आहे. सोमाबाईनं मात्र तोंड वाकडं केलंच नाही. तिच्यावरचा माझा थोडा संशय त्यामुळं तसाच राहिला. एवढी आंबट खीर हसत खाणाऱ्या बाईच्या पोटात काय आहे, ते कुणी सांगावं?

पाण्याची खात्री मी पुढं दोनदा केली. बापूरावांच्या विहिरीचा हंडा मुद्दाम भरून आणवला. तिनं तेच फडकं घेतलं, तसंच गाळलं, तसंच कडेला झटकलं. मी बघतेय हे दिसल्यावर तिनं फडकं माझ्यापुढं धरलं. त्यावर एक बारीक किडा वळवळत होता. तिनं तो पाण्याच्या थेंबासकट आडाच्या ओल्या दगडावर सोडला. तिला आम्हाला गाळायचं नव्हतं; त्याला वाचवायचं होतं.

त्या सकाळी, खीर खाऊन झाल्यावर, ओट्यावरनं घरी येताना आबा पुढं, मी मागं. ते मागं न बघता म्हणाले, "सूनबाई, तू खोटं बोललीस ते मला पहिल्याच दिवशी कळलं व्हतं."

"कसं, आबा?"

"शेळीच्या तोंडाला गूळ लागल्ता."

तीन महिने मी त्यांच्यापासून लपवत होते आणि तीन महिने ते माझ्यापासून. दोघंही त्याच एका भीतीनं. नंतर त्यावर आम्ही कधी बोललो नाही. पण त्या दिवसापासून पौर्णिमेची खीर आमच्या घरी पहाटे व्हायला लागली. खुरपणीला जायच्या आधी, अंधारात उठून. झोपमोड व्हायची, पण करायची.

दोघं गेली ती वाटूरहून एसटीनं, पुढं भोकरदनकडं कुठल्याशा गावात. गाडी सुटताना तिनं खिडकीतनं माझा हात धरला आणि काहीतरी बोलली, तिच्या भाषेत. काय ते मला कळलं नाही. चांगलंच असेल, असं आबा म्हणाले. मी अजून नक्की म्हणत नाही.

तर मितू, आता ऐक काय करायचं ते. उद्या त्या शेजारणीच्या दारी जा. तुझ्या जोडीला जावयालाही ने, पण बोलू दे तुलाच. भाषा येत नसेल तर मास्तरासारखं करून दाखव, चंद्र दाखव, लाजू नकोस. तिचं ताट माग. पुढच्या पौर्णिमेला ती पुन्हा आणेलच असं नाही; आणलं तर मात्र दारातनं परत जाऊ देऊ नकोस. दोन्ही हातांनी घे, घरात ठेव, सकाळी तिला बोलावून तिच्यासमोर खा. शिळं झालं तरी खा, आंबलं तरी खा. तोंड वाकडं झालं तर होऊ दे. तेच तिला पटेल. आणि ती खिडकीतनं बघते म्हणून जीव खालीवर करू नकोस. जी बाई बघते तिला अजून तुमच्याकडनं काहीतरी आशा आहे. पडदा पक्का ओढून घेतला, तर मग मला फोन कर.

तुझं नाव संघमित्रा मी ठेवलं, तुझ्या आईला विचारून बघ. ती सम्राटाची लेक बोधीची फांदी घेऊन समुद्रापार सिलोनला गेली होती, म्हणून ठेवलं. तेव्हा माझ्या मनात कोण होतं, ते तुला आता कळलं असेल. नाव ठेवलं ते लांब जाण्यासाठी. पण फांदी न्यायची म्हणजे झाडाकडं फिरकायचं नाही असं कुठं लिहिलेलं नाही. माझे गुडघे गेले, वर्षावासाचं वाचन कसंबसं उरकते, आणि शेळीही आता नाही, उरलेलं खायला कुणी नाही. तुम्ही दोघं लवकर या. कधीही या. पौर्णिमेलाच येणार असाल, तर तेवढं बघा, दुपारच्या आत घरात पाऊल टाका. खीर मी पहाटेच करून ठेवीन.